सत्तावीस गेल्यावर रजा

"अहो बाबा, अठ्ठावीस नंबरचं यान उडालं की! टीव्हीवर दाखवलं. मग तुमचं सत्तावीस काय करतंय?"

"बसलंय शेडमधे तंगड्या पसरून."

"असं कसं? आधी सत्तावीस, मग अठ्ठावीस. तुम्हीच शिकवलंत."

"ते पाढ्यात, बये. इथं काम हाती घेतलं की नंबर पडतो, अन् तयार होईल ते उडतं. सत्ताविसाची झडप गळतीय. आज परत तारीख ढकलली."

"म्हणजे थोरला घरात बसून, अन् धाकट्याचं लग्न!" लेक खळखळून हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "परवाचं विमान आहे, बाबा."

"साहेबाला विचारतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

अवकाशतळावर यानांच्या अंगावर रंग आणि नंबर चढवणारा हा रंगारी. घरात दुसरं माणूस नाही. एकुलती लेक नवऱ्यापाठोपाठ परदेशी निघालेली, ती कायमचीच. तिला पोचवायला जायचं म्हणून त्यानं रजा टाकली, पण अर्जात तारीख घातलीच नाही. लिहिलं, 'सत्तावीस गेल्यावर आठ दिवस.' इथं सगळे तसंच बोलतात. लेक झाली तिसऱ्याच्या वेळी, बायको गेली एकोणिसाव्याच्या. तारखा काय, रोज बदलतात. जोडीच्या रंगाऱ्यानं मात्र सरळ तारीख टाकली, आणि गडी सासुरवाडीला जाऊन बसलासुद्धा.

"साहेब, दोनच दिवस सोडा."

"अरे, झडपेसाठी अंग उघडलंय. ते मिटल्यावर रंग कोण देणार, मी? मला घरचं दार रंगवता येत नाही."

"लेक चाललीय हो."

साहेब कपाळ चोळत बसला. "तारीख टाकली असतीस तर तुझ्या जोडीदाराऐवजी तुला सोडलं असतं. आता माणूस कुठून आणू?"

रंगाऱ्यानं भिंतीकडं तोंड करून लेकीला फोन लावला.

"नाही जमत गं."

पलीकडं बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग, "जेवलात का?"

"जेवलो," तो म्हणाला. डबा उघडलासुद्धा नव्हता. "तिकडं थंडी असते. स्वेटर घेतलास?"

"दोन घेतलेत."

भिंतीवर वाळलेला रंगाचा ओघळ तो नखानं काढत राहिला.

"बरं, ठेवते, बाबा."

"हं."

फोन बंद झाला तरी त्यानं तो कानावरून काढला नाही.

"ओ पेंटर! इकडं पान्यानं खरवडलंय बघा!" आतून कुणीतरी ओरडलं.

त्यानं नाकावर फडकं बांधलं, शिडी चढला आणि खरवडलेल्या कडेवर पॉलिशपेपर घासायला लागला.