दोन्ही हातांची धार

पडद्यावर दोन मेंदू होते. एक कुणा परक्याचा, एक माझा. परक्याच्या मेंदूत मधोमध तांबडी जाड कमान दिसत होती. माझ्यात तिथं काहीच नव्हतं.

"मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हणाले.

डोकं दुखतंय म्हणून कोल्हापुरात एमआरआय काढला होता, तर डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते तीत बघतात. उसातलं पाणी सरीच्याच अंगानं पळतं की नाही, तसंच तेही तंतूंच्या अंगानं जास्त सरकतं. त्यावरनं तंतूंच्या वाटांचा नकाशा तयार होतो. डावी-उजवीकडं जाणारी वाट तांबडी, पुढं-मागं जाणारी हिरवी. मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा मोठा पूल डावी-उजवीकडंच जातो, म्हणून तो तांबडा दिसतो.

"तो तुमच्यात झालेलाच नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्माच्या आधीपासून. पलीकडं जायचे तंतू वळून पुढं-मागंच गेलेत. डोकेदुखी याची नाही, घाबरू नका."

घाबरू नका म्हणे! कागलच्या शाळेत जन्मभर पोरांना पाढे शिकवले, पोरीचं लग्न लावलं, आणि डोक्यात पूलच नाही?

"दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करताना अडतं का कधी?" त्यांनी सहज विचारलं.

"धार!" मी ओरडलेच.

आमच्या घरच्या म्हशी होत्या. संध्याकाळी आई त्यांना चौकात आणायची, आणि गिऱ्हाईकं पेले घेऊन समोर काढलेलं फेसाळ दूध उभ्यानं प्यायची. धार काढताना एक मूठ आवळायची तेव्हा दुसरी सोडायची. मला ते कधी जमलंच नाही. उजवा हात चालला की डावा थांबायचा, नाहीतर दोन्ही एकदम आवळायचे. म्हैस लाथ झाडायची, लोक हसायचे.

"आई, हात ऐकत न्हाईत गं," मी रडत सांगायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणत आई सगळ्यांदेखत उजव्या हातानं मुस्कटात द्यायची. कामचुकार हे नाव तिनंच ठेवलं. पावण्यांत, सोयरिकीच्या बैठकीत, पुढं माझ्या पोरीसमोरसुद्धा तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटलं होतं.

त्या दिवशी दवाखान्यातनं थेट माहेरी गेले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण अंगात नुसता राग उसळत होता. आई सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, आवाज मात्र तसाच खणखणीत. तिच्यापुढं मेंदूचा फोटो टाकला आणि सगळं सांगितलं.

"आन् हे कवापासनं?"

"तुझ्या पोटात हुते तवापासनं."

तिचे हात थांबले.

"म्हंजे सोंग न्हवतं?"

"न्हवतं."

"मग सांगितलं का न्हाईस, पोरी?" ती माझ्यावरच खेकसली.

"रोज सांगत हुते की, आई. चौकात सगळ्यांम्होरं सांगत हुते."

शेंगांची टोपली तिनं बाजूला सारली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसली.