पिवळ्याचे दोन

माझ्या मोठ्या भाऊजींइतका कमी मागणारा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि जिल्हे वेगळे व्हायच्या आधी कधी झाला असेलच, तर तो वाटणीत भंडाऱ्याकडे गेला असणार. टोपलीतला सर्वांत लहान आंबा ते उचलायचे. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचे, जेव्हा बुंदी संपून नुसता चुरा उरलेला असतो, आणि तो चुरा मिटक्या मारत खायचे. एसटी रिकामी असली तरी मागच्या सीटवर जाऊन बसायचे, जिथे खड्ड्याखड्ड्याला माणूस छताला भेटून येतो. गोरेगावच्या बाजारातून बाजार उठतेवेळची वांगी आणायचे. त्यांत वांग्यापेक्षा अळ्यांचाच हक्क जास्त असायचा. ताई, म्हणजे माझी बहीण, कपाळाला हात लावायची. "कायले आणली ही?" यावर भाऊजींचा ठरलेला सवाल असायचा, "मी नसती आणली, तर कोन आणली असती?" वांगी तिलाच चिरावी लागायची.

भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. उभा जन्म कालव्यातलं पाणी वरून खाली नेण्यात गेला, त्यामुळे जगात कुठे किती उतार आहे ही चिंता त्यांना निवृत्तीनंतरही सोडेना. लोक खिशाला पेन लावतात, भाऊजी पाणसळ ठेवायचे. गवंड्याकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, पण वीतभर लांबीची. मला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा चहाचा ट्रे यायच्या आधी त्यांनी पाणसळ काढून टीपॉयवर ठेवली, डोळा बारीक केला आणि भावी सासऱ्यांना म्हणाले, "दोन सूत उतार आहे. चहा पोरीच्या अंगाकडे येईन." सासरे आजही आमच्या घराण्याला 'बुडबुडेवाले' म्हणतात. बायको मात्र सांगते, की ज्यांच्या घरातला माणूस दुसऱ्याचा उतार असा तोंडावर सांगतो, त्यांचा स्वतःचा कुठे लपणार, असा विचार करून तिने होकार दिला. माझ्याकडे पाहून दिला नाही, हे तिने बोलायचं टाळलं, पण आलं माझ्या ध्यानात.

या पाणसळीमुळेच ते स्नूकरकडे ओढले गेले. फुलचूरच्या पुढे एका शेठजींची राईस मिल होती. कुठलासा जुना क्लब मोडला तेव्हा शेठजींनी हौसेने तिथलं स्नूकरचं टेबल आणून मिलच्या ऑफिसात मांडलं. बारा फुटी, हिरव्या कापडाखाली दगडी फरशा. पण बॉल कुठेही मारला तरी गडगडत एकाच कोपऱ्यात जायचा. कोणीतरी भाऊजींचं नाव सुचवलं. भाऊजी चार दिवस पायांखाली लाकडाच्या चिपा सारत टेबलाखाली लोळले. पाचव्या दिवशी बुडबुडा बरोबर मधोमध आला, आणि आता टेबल सरळ झालं की नाही ते पाहायला म्हणून त्यांनी स्टिक हातात घेतली, ती पुढची तीस वर्षं ठेवली नाही. पुढे मिल बंद पडली, चाळण्या गंजल्या, टेबल तेवढं राहिलं. ऑफिसात कोंड्याचा वास अजून आहे. दर रविवारी दुपारी जेवण करून भाऊजी तिथे जायचे, आणि गेली काही वर्षं मी त्यांच्यासमोर.

खेळ सोपा आहे, निदान सांगायला. टेबलावर पंधरा लाल बॉल असतात आणि सहा रंगीत. आधी लाल पाडायचा, त्याचा एक गुण. मग रंगीतांपैकी मनाला येईल तो. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, चॉकलेटीचे चार, असं चढत चढत काळ्याचे सात. लाल एकदा पडला की पडला; पाडलेला रंगीत मात्र, जोवर लाल शिल्लक आहेत तोवर, उचलून पुन्हा आपल्या जागेवर ठेवायचा. शहाणा माणूस काळ्याच्या मागे लागतो. भाऊजी तीन खालच्यांतच रमायचे. काळा पॉकेटच्या तोंडाशी जीभ काढून बसलेला असायचा आणि भाऊजी टेबलाला वळसा घालून पिवळ्याकडे निघायचे. "मास्टरजी, काला लीजिए ना, सामने तो है!" शेठजी मला नव्हे, त्यांना ओरडायचे. मास्टरजी मी आहे, पण शेठजी उत्साहात आले की सगळ्यांनाच मास्टरजी म्हणायचे. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "काळ्याले विचारनारे लय आहेत, शेठ. पिवळ्याच्या घरी कोनी जात नाही." आणि टुक करून दोन गुण घ्यायचे. लहान आंबा, चुऱ्याची बुंदी आणि हा पिवळा, माझ्या लेखी सगळं एकाच खात्यात जमा होतं.

आता माझी अब्रू. बारा वर्षं, वर्षाचे पन्नासेक रविवार, मी भाऊजींकडून चार, पाच, फार तर सहा गुणांनी हरत होतो. मधूनच कधी दोनाने जिंकायचो. त्या दिवशी येताना घरी जिलेबी आणायचो. एरवी दारात चप्पल काढताना बायको आतून विचारायची, "कितीनं हरले?" आणि मी छाती काढून सांगायचो, "पाचानं!" जिल्ह्यातल्या सर्वांत पक्क्या खेळाडूकडून पाचाने हरणं म्हणजे जवळजवळ जिंकणंच. मी शाळेत गणित शिकवतो. सहाशे वेळा माणूस पाचाच्याच आसपास कसा हरतो, हा प्रश्न वर्गातल्या ढ पोराला पडला असता. मला पडला नाही.

एका रविवारी नागपूरहून बदलून आलेले एक बँकेचे साहेब शेठजींबरोबर आले. त्यांनी मला वीस मिनिटांत धुऊन काढलं आणि वर म्हणाले, "मास्तर, तुम्ही कॅरम खेळा." भाऊजींनी हातातला चहा खिडकीत ठेवला. स्टिक घेतली. लाल, काळा. लाल, काळा. लाल, काळा. टेबलाच्या त्या टोकाला पिवळा, हिरवा, चॉकलेटी तिघं रांगेत उभे राहून पाहत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. साहेबांना पुरते चार फटकेसुद्धा मिळाले नाहीत. घड्याळ पाहत ते निघून गेले. भाऊजी म्हणाले, "चहा थंडा झाला," आणि माझ्यासाठी बॉल मांडायला लागले.

आणि माझ्याशी पुन्हा पिवळा.

मी विचारलं, "भाऊजी, माझ्यासंगं काळा काऊन नाही घेत तुम्ही?"

त्यांनी स्टिकच्या टोकाला खडू लावला, फुंकर मारली. म्हणाले, "पुढच्या रविवारी तुले याचं नाही का, बाबू?"

माणसाच्या बारा वर्षांच्या फुशारकीतली हवा एका वाक्यात निघते, ती अशी. मी दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी ताईचा फोन आला. "तुझे भाऊजी तिथं एकटेच दोन्हीकडून खेळून राहिले. अन् हारून घरी येऊन राहिले. तू जा बावा उद्या." गेलो, पण फुगूनच गेलो. म्हटलं, आज काळा घ्या, दया नको. "पाह्य बरं," म्हणाले, आणि त्यांनी घेतला. पाऊण तासाचा खेळ बारा मिनिटांत संपला. मी सत्तरने हरलो होतो. दुपारचे अडीच वाजले होते, परत मांडायची माझी हिंमत नव्हती, आणि दोघांनाही घरी जायचं नव्हतं. आम्ही बाकावर बसून बंद चाळण्यांकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "झालं समाधान? आता चार वाजेपर्यंत काय कराचं सांग." पुढच्या रविवारपासून पुन्हा पिवळा, आणि पुन्हा मी पाचाने हरायला लागलो. घरी सांगताना छाती मात्र पूर्वीइतकी निघायची नाही.

टेबल हलतंय, असं भाऊजींनी पहिल्यांदा म्हटलं त्याला आता तीन वर्षं होतील. पाणसळ ठेवून तिच्या टोकावर बोट टेकवायची त्यांची सवय होती. बुडबुडा जागी थांबेना, सारखा थरथरायचा. "फरशी बसून राहिली शेठ, खालची माती दबली." ते टेबलाखाली शिरले, चिपा काढल्या, घातल्या. मग कंटाळून त्यांनी बोट उचललं, आणि बुडबुडा मधोमध येऊन गपकन थांबला. आम्ही तिघंही त्याच्याकडे पाहत उभे होतो. भाऊजींनी हळूच पाणसळ खिशात घातली. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला तो महिनाभराने. आम्हाला बुडबुड्याने आधीच सांगून टाकलं होतं.

त्यानंतर भाऊजी काळा घ्यायला लागले. मी मूर्ख, पहिल्या रविवारी सुखावलो: आता कुठे यांनी मला बरोबरीचा धरलं! दुसऱ्या रविवारी कळलं. हात थरथरायचा, पाचांतला एक बॉल पडायचा. मग जो पडेल तो सातांचा तरी असावा. इतकी वर्षं लहान आंबा उचलणारा माणूस टोपलीत हात घालून मोठा शोधत होता, आणि तो त्यांच्या हाताला लागत नव्हता. मी वीसने जिंकायला लागलो. जिलेबी आणायचं बंद केलं.

ताईने एकदा मला त्यांच्या अंगणात गाठलं. आवाज खाली करून म्हणाली, "बाबू, शर्टाचं बटन मी लावून देतो, भात मी कालवून देतो, ते काही बोलत नाही. पन रविवारी कपडे घालाले सकाळपासून घाई करते. काल म्हने, पुढच्यापासून जाचं नाही, पोराचा वेळ खराब होते." पोर म्हणजे मी, वय वर्षं पन्नास. "तेवढं बंद नको होऊ देऊ रे."

बंद होऊ द्यायचं नाही, म्हणजे मला हरायला हवं होतं. त्या रविवारी मी एक सोपा लाल मुद्दाम चुकवला, वर "च्यक्" असा आवाजही केला. भाऊजींची मान आता जरा खाली झुकलेली असायची, पण नजर होती तशीच सूतभराचा फरक धरणारी. "बाबू," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुह्यापुढं एक तरी बॉल मी जानून चुकवला का?"

मी आठवलं. नव्हता चुकवला.

"चुकवू नको. चुकवलं म्हनजे समोरच्याले खोटं सांगनं झालं. घरी जातो मी." आणि खरंच स्टिक भिंतीला टेकवून चपला शोधायला लागले.

"थांबा भाऊजी," मी म्हटलं. "माझा डाव बाकी आहे."

"तू तर चुकला."

"मग तुम्ही मारा. नंतर मी."

ते परत आले. त्यांनी मारला, चुकले. मी लाल पाडला, नीट नेम धरून. समोर काळा होता, पॉकेटच्या तोंडाशी. शाळेतल्या कुठल्याही पोराने फुंकर मारून पाडला असता. पिवळा मघाच्या धक्क्याने मधल्या पॉकेटजवळ येऊन थांबला होता. मी काळ्याकडे पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून पिवळ्यापाशी गेलो, वाकलो, आणि जितकं चांगलं मला येतं तितकं चांगलं मारून तो पाडला. दोन गुण.

मी वर पाहायचं टाळलं. भाऊजी हळूहळू आले, त्यांनी पॉकेटमधून पिवळा काढला आणि तो त्याच्या ठिपक्यावर ठेवायला लागले. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. मी हात पुढे केला नाही; तेवढी अक्कल तोवर आली होती. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि बॉल जागेवर बसला.

"म्हनजे मले पुढच्या रविवारी याचं आहे तर," ते म्हणाले.

"यायचं आहे," मी म्हटलं.

त्यानंतर ते पावसाळाभर आले, हिवाळाभर आले. मी एकही बॉल मुद्दाम चुकवला नाही. लाल पाडायचो आणि पिवळ्याच्या घरी जायचो. त्यांचा हात बरा असेल त्या दिवशी हिरव्याच्या. ते काळ्यावर काळा मारत राहायचे आणि पाचांतला एक पाडायचे. हिशेब जुळवायला मला फार डोकं लावावं लागे, आणि इतकी वर्षं भाऊजींनी केवढा अभ्यास केला असेल ते तेव्हा कळलं. दारात चप्पल काढताना बायको विचारायची, "कितीनं हरले?" मी म्हणायचो, "पाचानं." ती हसायची नाही.

या होळीच्या आधी भाऊजी गेले. ताईने पाणसळ माझ्या हातात दिली. तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी मी मिलमध्ये गेलो, टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध होता. बॉल मांडले नाहीत. टेबलावर चादर ओढून तासाभराने घरी आलो. दारात पायरीवर बसून चप्पल काढत होतो तर बायको आतून, सवयीनं, बोलून गेली, "कितीनं हरले?"

आणि मीही सवयीनं म्हटलं, "पाचानं."

मग ती हात पुसत बाहेर आली, आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.