थंडीत वाढलेला धातू

दुष्काळ होता, शहर वाढत होतं आणि नळ कोरडे होते. टँकरच्या पाण्याचे कॅन मी स्कूटरवरून प्रयोगशाळेत न्यायची, कारण धातू वितळवायची भट्टी बाहेरून गार ठेवणाऱ्या पाण्यावाचून चालत नव्हती. असं बनवलेलं माझं यटर्बियम या दुर्मिळ धातूचं संयुग गार केल्यावर आखडायचं सोडून वाढलं.

"आलेख उलटा काढलास," मार्गदर्शक सर म्हणाले.

मी चिडले. त्यांच्यासमोर त्याच यंत्रात तांबं लावलं. ते गुमान आखडलं. माझा तुकडा पुन्हा वाढला. गारठ्यात यटर्बियमचा भटका इलेक्ट्रॉन अणूत परततो आणि अणू फुगतो. सरांनी आलेख स्वतः भिंतीवर लावला.

गावी, कन्नडला मेंढरं राखणाऱ्या वडिलांना मी तो समजावून दाखवला.

"थंडीत बी अंग चोरत नाय व्हय?" ते हसले. "लई आडमुठं हाय. तुझ्यावानीच."