सोडावॉटरचे क्रेट आणि पिवळी इटालियन

रोझविता आयझेले एका कामासाठी गाडी कधीच काढत नसे. बँकेत जायचं तर जाताना बागेतला पालापाचोळा टाकून यायचा, पालापाचोळा टाकायचा तर येताना बटाटे आणायचे. रिकामी गाडी पळवणं म्हणजे पेट्रोल गटारात ओतणं, असं ती म्हणायची आणि म्हणताना तिचा चेहरा खरोखर दुखल्यासारखा व्हायचा. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनची माणसं सगळीच थोडीफार अशी आहोत, पण रोझवितापुढे आम्हीसुद्धा उधळे ठरायचो.

गाडीइतकाच जपून ती कौतुकाचा शब्द काढायची. साखरपुड्याच्या दिवशी गेबहार्डने अंगठी कशी वाटली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चालेल." बिचारा गेबहार्ड त्या एका शब्दावर जन्मभर खूश राहिला. तो गेल्यावर गावाबाहेरचं त्यांचं वर्कशॉप तिने एकटीने चालवलं. काम एकच, पण नामी. स्टुटगार्टच्या कारखान्यातून आलेल्या मोठ्या, जाडजूड, चार दारांच्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं. बाहेरून काही दिसता कामा नये. डॉक्टर, वकील, बिअरवाले अशी वजनदार गिऱ्हाइकं तिच्याकडे यायची. सिग्नलला शेजारी कुणी गुरगुरलं तर आपण शांतपणे पुढे निघून जावं, एवढीच त्यांची हौस.

तिची स्वतःची करडी गाडीही तशीच होती. इंजिन असं की अंगावर काटा यावा, आणि मागे मात्र ट्रेलर ओढायचा हूक. त्या हूकवरून गावात कमी थट्टा झाली नव्हती.

मुलगा टिलमान याच वर्कशॉपमध्ये वाढला. विशी ओलांडता ओलांडता त्याने या करड्या गाडीचं इंजिन एकट्याने नव्याने ट्यून केलं. कितीतरी रविवार त्यात घातले. काम झाल्यावर किल्ली आईच्या हातात देऊन तो दारात उभा राहिला. रोझविता गाडी डोंगरावर नेऊन परत आली, हात पुसले आणि म्हणाली, "चालेल." बापाला तो शब्द पुरला होता, पोराला पुरला नाही. पुढच्याच वसंतात तो स्टुटगार्टला एका शोरूममध्ये लागला. तिथे इटालियन गाड्या विकतात, आणि विकताना सीटच्या एकेका शिलाईची तोंड भरून स्तुती करतात.

आता शोरूमचा मालक दूर उत्तरेला हँबर्गला नवी शाखा काढत होता आणि ती टिलमानने सांभाळावी असं त्याच्या मनात होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. इकडे रोझविताचे गुडघे बोलायला लागले होते. चालवणारं कुणी नसेल तर हिवाळ्याआधी वर्कशॉपला कुलूप लावायचं, हे तिने ठरवलं होतं. टिलमानला हे ठाऊक होतं. फक्त 'परत ये' असं आई म्हणाली नव्हती, आणि न बोलावता येईल तर तो आयझेले कसला!

तोंडाने मागायची सोय नव्हती म्हणून रोझविताने एक बेत केला. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर दरवर्षी मोटारक्लबचा शनिवार भरतो. उभ्यावरून सुटायचं आणि एक किलोमीटर सरळ पळायचं. टिलमान यंदा शोरूमची पिवळी इटालियन घेऊन येणार होता. आपण करड्या गाडीने तिला मागे टाकायचं. मग पोरगं विचारेल, "आई, काय बदललंस हिच्यात?" आणि आपण सांगायचं, "काही नाही. तू ठेवलंस तसंच आहे." बस्स. पुढचं त्याचं तो समजेल. गाडी बोलेल, आपल्याला बोलायला नको.

बेत चांगलाच होता. पण शनिवारी सकाळी विमानतळाच्या वाटेवर पेयांचं दुकान लागलं आणि दारात पाटी दिसली, सोडावॉटर स्वस्त. आता तीच वाट, तीच गाडी, डिकीही मोकळी. रोझविताने ब्रेक दाबला. क्रेट एकावर एक रचून घोंगडीने घट्ट आवळले आणि विमानतळावर पोचल्याबरोबर काढून ठेवायचे असं स्वतःला बजावलं.

पोचली तर ओटमार समोरच उभा. हा अग्निशमन दलाचा निवृत्त प्रमुख, क्लबचा निशाणवाला आणि सॉसेजच्या शेगडीचाही मालक. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात निशाण.

"रोझविता, लवकर! पहिला नंबर तुझाच. तो बघ, तुझा लाडका लेक पिवळा कॅनरी पक्षी घेऊन आलाय."

"लाडका म्हणे. हेल्मेट दे इकडे."

क्रेट डिकीतच राहिले.

पिवळी गाडी जमिनीला पोट टेकवून बसली होती. इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागे, वजन करडीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. टिलमानने खिडकीतून वाकून हाक मारली.

"आई, हूक तरी काढायचास!"

"तुला ओढून न्यायला ठेवलाय."

लोक हसले. टिलमानही हसला, पण डोळे करड्या गाडीवर होते. "खरं सांग, सुरुवातीला मी पुढे जाणार. हिला सुटताना कुणी धरू शकत नाही. पण शेवटच्या टप्प्यात तुझी कशी ओढते ते मला बघायचंय."

"बघशील," रोझविता म्हणाली.

निशाण पडलं. पिवळी किंचाळत सुटली आणि पहिल्याच दमात पुढे गेली. करडी गाडी आवाज न करता मागून निघाली. मग तिचं खरं काम सुरू झालं. जिथे पिवळीचा जोर वाऱ्याशी भांडण्यात जायला लागला, तिथे करडीचं मोठं इंजिन नुसतं ढकलत राहिलं. अंतर कमी होत गेलं. पिवळीचं मागचं चाक दिसलं, दार दिसलं, टिलमानचं हेल्मेट दिसलं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. खण्. खणखण.

इतकी वर्षं इंजिनात हात घालणाऱ्या बाईच्या कानाला काय वाटेल? मागच्या चाकांचा गिअर गेला! रोझविताचा पाय आपोआप वर आला. एक क्षणच, पण तेवढा क्षण पिवळीला पुरला. करडी अर्ध्या गाडीने हरली.

धावपट्टीच्या टोकाला दोघं उतरले. टिलमानने हेल्मेटसुद्धा काढलं नाही, सरळ करडीच्या मागे गेला आणि गुडघ्यांवर बसून खाली हात घातला. लहानपणी शिकवलेलं, तसंच. आधी हाताने उष्णता बघायची, मग बोलायचं.

"गिअर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आवाज वरून येत होता. तू पाय का काढलास?" आणि त्याने डिकी उघडली.

घोंगडी एका बाजूला सरकलेली, आणि सोडावॉटरच्या बाटल्या एकमेकींना खेटून अजून फेसाळत होत्या.

टिलमान असा हसला की त्याला डिकीचा आधार घ्यावा लागला. तोवर सायकल मारत ओटमार आला. त्याने आत डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, तू एवढं दुकान घेऊन पळत होतीस? हे काही मी धरत नाही. क्रेट उतरवा, पुन्हा सुटा!"

"हो, पुन्हा," टिलमान म्हणाला. "आई, उतरव. तू आत्ता जिंकणार आहेस, मला दिसतंय. मला बघायचंय."

रोझविताने एका क्रेटला हात लावला. उचलायचा, पळायचं, जिंकायचं. तिचा बेत जसाच्या तसा तिच्यापुढे उभा होता. आणि तिला एकदम कळलं, की आपण जिंकलो तर पुन्हा गप्प बसू. गाडी बोलली म्हणून समाधान मानून घरी जाऊ, आणि पोरगं हँबर्गला जाईल.

तिने हात मागे घेतला.

"नाही पळायचं. ओटमार, तुझे सॉसेज करपताहेत."

ओटमार तिच्या चेहऱ्याकडे बघून सायकलवर बसला.

"टिलमान, या इंजिनाला तू गेल्यापासून मी हात लावलेला नाही. तेल बदललं, एवढंच. तुझंच ट्यूनिंग आहे."

"एवढी वर्षं? काहीच सुधारलं नाहीस?"

"सुधारायला होतं काय? मी त्या दिवशी डोंगरावर गेले आणि वळणावर गाडी थांबवून रडले. इतकं चांगलं काम तुझ्या बापालाही जमलं नसतं, मलाही नाही. आणि खाली येऊन तुला म्हटलं, चालेल." तिने नाक पुसलं. "लाज वाटते मला त्याची. वर्कशॉप तू घ्यावंस असं मला वाटतं. मला तू घरी हवा आहेस. झालं, बोलले."

टिलमानने आता कुठे हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलायला लागली.

"आई, हे तू बोललीस ना? का ओटमार सॉसेजमध्ये काही घालतो?"

"परत म्हणणार नाही हं मी."

"नको म्हणू. ऐकलंय मी." त्याने घोंगडी पुन्हा नीट आवळली, डिकी लावली आणि तिच्यावर तळहात तसाच ठेवला. "सोमवारी मालकाला नाही म्हणून सांगतो. ही पिवळीही तिथेच सोडावी लागेल. मग मी घरी येऊ कसा? बस दोनदा बदलायला लागते."

"मी येते न्यायला."

"स्टुटगार्टला? तिकडे काय काम आहे तुला?"

"काही नाही."

"मग जाताना काय नेणार? येताना काय आणणार?"

"काही नेणार नाही," रोझविता म्हणाली. "रिकामी गाडी घेऊन येईन."