अर्धं पिवळं कार्ड

संशोधकाच्या वहीत दोन प्रकारच्या नोंदी साठतात. आकडे निबंधांत जातात आणि चार-पाच वर्षांत शिळे होतात. समासात खरडलेलं मात्र तसंच राहतं, आणि कपाट आवरायला घेतलं की तेच आधी अंगावर पडतं. नव्वदीच्या दशकात आणि पुढची काही वर्षं मी जुन्नर-आंबेगावात माणसांची रक्तं तपासत हिंडलो. माणसं एकमेकांहून कोणत्या गुणांत वेगळी असतात आणि त्यातले काही गुण पिढ्यान् पिढ्या का टिकतात, हा माझा विषय. त्या कामातलं माझं काय टिकलं, म्हणाल तर हे किस्से. तेही मी बरोबर सांगतोय की नाही, याची खात्री नाही.

आमची टोळी चौघांची. मी. प्रयोगशाळेतला मुकुंद, हुशार, पण जिभेला हाड नसलेला. आळे गावचा बबन, आमची जीप चालवणारा. आणि सुमन, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतली, बारावी झालेली. लोकांना बोलतं करायचं आणि त्यांना कळायच्या आत बोट टोचायचं, हे तिचं काम. मुक्काम नारायणगावात, एका मारवाडी शेठजींच्या कापडदुकानावरच्या खोलीत.

*

मोठेपणी दूध पचणं हा सगळ्याच माणसांना मिळालेला गुण नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं गुरं पाळली, त्यांच्यात तो जास्त टिकला. राजुरीत आम्ही लोकांना उपाशीपोटी दूध पाजून हेच तपासत होतो. एक पैलवान आले.

"मला काय तपासता राव? रोजचं दोन लिटर हाय आपलं!"

अर्धा लिटर दिलं. थोड्या वेळानं पैलवान उसाच्या फडाकडे जे पळाले, ते तीन वेळा पळाले. मुकुंद सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, यांना दूध पचतच नाही!"

शेजारी बसलेली त्यांची आई म्हणाली, "न्हाईच पचत. पर वस्तादाला सांगायचं कसं?"

"मग रोजचं दोन लिटर जातं कुठं?"

"आवो, आमचं मांजर बगा की एकदा!"

*

दुसरा प्रयोग कडू कागदाचा. एका औषधात भिजवलेला कागदाचा तुकडा जिभेवर ठेवायचा. काहींना तो जहर कडू लागतो, काहींना काहीच लागत नाही. हेही आईबापांकडून येतं; दोघांनाही कडू लागत नसेल, तर मुलालाही लागत नाही, असं पुस्तक म्हणतं.

पावसानं एक दिवस खोलीत अडकलो, तेव्हा शेठजींच्या घरच्यांनाच कागद दिले. शेठजी चघळत म्हणाले, "फिक्का आहे." शेठाणीबाईंनाही काही लागलं नाही. त्यांच्या कॉलेजातल्या मुलानं मात्र तोंड वाकडं करून तो खिडकीबाहेर थुंकला.

मुकुंद ओरडला, "असं होऊच शकत नाही!"

शेठाणीबाईंनी पदर सावरला. मला दरदरून घाम फुटला. कारण मुकुंदच्या पुस्तकातला नियम मीच वर्गात शिकवत असे, आणि तो इतका सरळ नाही, कधीकधी असं होतं, हे सांगायचं सोडून मी उरलेले कागद मोजत बसलो.

शेठजींनीच सोडवलं. "होऊच शकत नाही म्हणजे काय? झालाय ना! हा काय, समोर उभा आहे!"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून नियम केला. कुणाचाही निकाल चारचौघांत बोलायचा नाही. बंद पाकिटात ज्याचा त्याला द्यायचा. नोंदवही माझ्या कुलपात.

*

मग डोंगराकडच्या वाड्यांत गेलो. तिथे काही घरांत रक्तातला एक दोष आढळत होता. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस धडधाकट राहतो. आई आणि बाप दोघांकडून आला, तर मात्र त्या मुलाचे जन्मभर हाल. हाडं दुखणं, रक्त कमी होणं, दवाखान्याच्या खेपा. मी कार्डं छापून घेतली. दोष नसेल तर पांढरं, एकाच बाजूनं असेल तर अर्धं पिवळं, दोन्हीकडून असेल तर पूर्ण पिवळं. दोन अर्ध्या पिवळ्यांनी लग्न केलं, तर प्रत्येक बाळंतपणात मूल पूर्ण पिवळं असायचा धोका चारात एक.

सुमनच्या वाडीतल्या देवळात मी हे सगळं समजावलं. वर हेही सांगितलं, की अर्ध्या पिवळ्या माणसाला हिवताप तितकासा जिवावर बेतत नाही. पूर्वी साथींत बाकीची माणसं जास्त गेली, ही जास्त वाचली, म्हणून हा दोष टिकून राहिला. तासभर बोललो. फळ्यावर चित्रं काढली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी डासानं निवडल्याली मानसं आमी!"

तीस वर्षं शिकवून मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

*

पण त्याच व्याख्यानानं घोळ केला. पुढच्या खेपेला एकजण जीपला आडवा आला. "सर, माज्या पोराला पांढरं दिलंय. तेवढं अर्धं पिवळं करून द्या की!"

"अहो, का?"

"लई थंडी-ताप येतो त्याला. शेजारच्याला दिलंत, आमी काय वाईट केलंय?"

पलीकडच्या वाडीत उलटं. अर्धं पिवळं म्हणून एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. नवरा मुलगा पांढरा होता, मुलांना काडीचाही धोका नव्हता! मी दोन मैल चालत समजवायला गेलो. मुलाचा बाप म्हणाला, "धोका न्हाई, तर कार्डाला रंग कशाला दिला?"

बबन परतताना म्हणाला, "सर, डास बरा. त्यो निदान भाषण करत न्हाई."

*

आणि मग सुमनचंच ठरलं. पलीकडच्या डोंगरातला दत्तू, शाळेत शिपाई. तिनं जीपमध्येच पेढे वाटले. मी पेढा हातात धरला आणि तसाच बसलो. सुमन अर्धी पिवळी. आणि नोंदवहीत दत्तूसमोरही माझ्याच अक्षरात तेच लिहिलेलं.

मी वही तीनदा उघडून पाहिली. अक्षर बदलणार होतं थोडंच! दत्तूचं पाकीट त्याच्याकडे पोचलं होतं. ते त्याचं गुपित. सांगावं तर माझाच नियम मोडतो, आणि पोरीचं लग्नही. न सांगावं तर एखादं पोर जन्मभर माझ्या मौनाची किंमत देणार. आठवडाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. कशात नव्हतं. मुकुंद म्हणाला, "सर, तब्येत?" मी म्हणालो, "पचत नाही." एवढंच खरं होतं.

सुपारी फोडायच्या दिवशी सकाळी सुमन आम्हाला न्यायला नारायणगावला आली. जीप घोडेगावच्या पुढे गेली, चढ लागला, आणि मी बबनला थांबवायला लावलं.

"सुमन, एक सांगायचंय. खरं तर मला सांगायचा अधिकार नाही. दत्तूचं कार्ड…"

"अर्धं पिवळं," ती म्हणाली. "म्हाईत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. बगायला आला तवाच. चा बी घेतला नव्हता अजून. म्हणला, आदी हे ऐका, मग पोहे द्यायचे का न्हाई ते ठरवा."

"आणि तू हो म्हणालीस? सगळं माहीत असून?"

"सर, ह्याच्या आदी तीन स्थळं येऊन गेली. एकानं शेत सांगितलं, एकानं नोकरी सांगितली, एकानं पुण्यातली खोली सांगितली. सोताची खोट सांगणारा ह्योच एकटा."

"अगं, पण मूल…"

"पोटात असतानाच तपासत्यात म्हणला व्हता तुमी, मुंबईला. तिथं आमी दोघं जानार. कुटं जायचं, कुनाला भेटायचं, ते तुमी लिहून द्यायचं. आन् न्हाईच जमलं, तर पोर न्हाई. त्यानं तसं बी कबूल केलंय."

बबननं जीप सुरू केली. वळणावर सुमन मागच्या सीटवरून पुढे वाकली.

"सर, तुमी मॅडमना लग्नाच्या आदी तुमची खोट सांगितली व्हती का हो?"

बबननं काचेवरचा आरसा हळूच माझ्याकडे वळवला.