निखाऱ्यावरचा प्याला

मार्च १९२८, महिन्याचा पहिला रविवार. महाडला आमच्या प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाला एक्केचाळीस माणसं होती. चौतीस आम्ही, महारवाड्यांतून बाप्तिस्मा घेतलेले. सात जण पोलादपूरकडच्या एका मराठा घरातले, दीड वर्षापूर्वी आलेले. शिवाय गोरे पाद्रीसाहेब. आकडे नक्की आहेत. हजेरी मीच घेत असे. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो.

माझ्या आईला दिसत नव्हतं. साहेबांच्या आवाजाच्या रोखानं ती चाचपडत पुढे गेली आणि प्याला सगळ्यांच्या आधी तिच्या ओठाला लागला. ती प्याली. आमेन म्हणाली.

पहिल्या बाकावरून दादा उठले. दादा म्हणजे त्या सात जणांतले कर्ते. त्यांनी साहेबांच्या हातून प्याला घेतला, मागच्या स्वयंपाकघरात गेले, उरलेला द्राक्षारस मोरीत ओतला. चुलीत साहेबांच्या चहाचे निखारे होते. पितळेचा प्याला चिमट्यात धरून त्यांनी निखाऱ्यावर ठेवला. दार उघडं होतं. सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी गीत सुरू केलं. चार कडव्यांचं. चारही संपली, प्याला आला नाही, म्हणून पहिलं पुन्हा म्हणवलं. मग प्याला आला, काळवंडलेला. नवा रस ओतला. दादा प्याले, त्यांची माणसं प्याली. मग आम्ही. मीही प्यालो. काठ अजून गरम होता. हे मी लपवत नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कुठं नेलान रे प्याला?"

"घासायला."

"घासायला इस्तव लागतो?"

मी कोट खुंटीला अडकवला.

"मला दिसत नाय. वास येतो."

आम्ही नेहमी शेवटीच पीत होतो, आणि ती रीत मीच बसवली होती. दादांची माणसं आली तेव्हा साहेब म्हणाले होते, पाहुणे आधी. मी घरोघर फिरून आमच्या लोकांना पटवलं. जातीजातींत आणि गोऱ्या-काळ्यांत समेट घडवायला देवानं मला बोलावलंय, असं तेव्हा मला वाटत होतं. तीन महिने उपास-प्रार्थना करून मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, हे बोलावणं खरं आहे." ईस्टरला त्या कामावर माझी नेमणूक व्हायची होती.

आदल्या वर्षी आमची माणसं तळ्याचं पाणी प्यायला गेली, तेव्हा मी गेलो नाही. मेहुण्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता; तो गेला, दंडावर काठी खाऊन आला. त्याला मी सुनावलं होतं, आमच्यात एकच प्याला आहे, तळ्याचं भांडण आम्हांला कशाला? मागाहून गावानं तळं शुद्ध करून घेतलं, तेव्हा आपण वेगळ्या घरात आहोत म्हणून मी देवाचे आभार मानले.

त्या रविवारी संध्याकाळी मेहुणा आला. बसला नाही. म्हणाला, "दाजी, गावाला शेण-गोमूत्र तरी लागला. तुमचा नुसत्या इस्तवावर भागला. खर्च वाचला."

सोमवारी मी बंगल्यावर गेलो. साहेब आरामखुर्चीत, मी ओट्यावर उभा.

"तुम्ही बघत होता," मी म्हणालो.

"बघत होतो. मास्तर, ती नवी रोपं आहेत. मी बोललो तर सातही जातील. पोलादपूरच्या खोऱ्याचं दार बंद होईल."

"आणि आम्ही चौतीस?"

"तुम्ही कुठे जाणार?" ते प्रेमानं म्हणाले. "म्हणून तर हे काम तुम्हांला दिलं. तुमच्या लोकांना धीर धरायला सांगा."

तेव्हा कळलं. ज्याला मार बसला त्यालाच गप्प बसवायचं, याला ते समेट म्हणत होते. त्यासाठी त्यांना आमच्यातलाच माणूस हवा होता. दीड वर्ष तो मी होतो.

मी म्हणालो, "पुढच्या प्रभुभोजनाला पहिला प्याला माझ्या आईला द्या. दादांनी तिच्यामागून प्यावं."

"हा हट्ट आहे, मास्तर. प्रेम नाही."

मी शाळेची किल्ली आणि हजेरीचं पुस्तक ओट्यावर ठेवलं. नेमणूक नको म्हणून सांगितलं.

माझ्यासह नऊ जण बाहेर पडले. पंचवीस आत राहिले. त्यांना शेवटी प्यायला मीच शिकवलं होतं, त्यांना काय बोलणार? आई पुढच्या वर्षी गेली. प्याला तिला पुन्हा मिळाला नाही.

ख्रिस्ताला मी सोडलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रार्थनामंदिराच्या फाटकाशी उभा राहतो. दादा आले की सगळ्यांदेखत म्हणतो, "दादा, माझ्या आईचं तोंड लागलं म्हणून तुम्ही प्याला जाळलात. आधी ते कबूल करा. मग समेटाचं बोलू." दादा फाटक लोटून पुढे जातात. साहेब मान खाली घालून आत जातात. मी पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतो. माझं बोलावणं हेच आहे. धीर धरा असं आमच्यातल्या एकाही माणसाला मी यापुढे सांगणार नाही.