ड्यूडचा जन्म कुठं झाला?

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला तुमच्या तोंडाकडं बघवणार न्हाई.

मी हदगावात पंचवीस वर्षं इंग्रजीचा मास्तर. बँकेचं पत्र असो की औषधाची चिठ्ठी, लोक आणून पुढं धरतात. येत न्हाई म्हणायची सोयच नसते, मग मी देतो ठोकून.

तर आमच्या पल्लवीला बघायला लातूरचे पाहुणे आले. मुलगा नितीन इंजिनिअर, माणसं साधी. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझा जीव टांगणीला. पोहे झाले आणि मुलाचे वडील म्हणाले, "सर, आमचा पोरगा मित्रांना सारखं ड्यूड ड्यूड करतो. हा शब्द आला कुठून हो?"

आली का पंचाईत! अर्थ ठाऊक होता, पण जन्म कुणाला ठाऊक? गप बसावं तर सोयऱ्यांपुढं अब्रूचं खोबरं. मी चष्मा पुसला आणि सांगितलं, ड्यूड हा इंग्लंडातला एक खलाशी. जहाज बुडताना त्यानं सगळ्यांना वाचवलं, तेव्हापासून जिवलग मित्राला ड्यूड म्हणतात. पाहुणे माना डोलवत राहिले. चार दिवसांत होकार आला.

साखरपुडा लातूरला. अंगठ्या घालायच्या आधी व्याह्यांनी माझ्या हातात माईक दिला. म्हणाले, ती ड्यूडची गोष्ट आमच्या भावकीलाही ऐकवा.

आणि मी काय सांगितलं होतं तेच आठवेना! पण थांबतो तो मास्तर कसला? ठोकलं, ड्यूड हा अमेरिकेतला एक शिंपी, गिऱ्हाइकाला नवरदेवासारखं सजवायचा.

व्याही हळूच म्हणाले, "सर, मागच्या खेपेला तो जहाजावर होता."

पोरीचं लग्न मोडलं, असंच वाटलं. हात जोडून खरं काय ते कबूल केलं. तर नितीन शांतपणे म्हणतो, मी मोबाइलवर बघितलंय, आधी अमेरिकेत नटव्या माणसाला ड्यूड म्हणायचे, पण शब्द मुळात आला कुठून ते भल्याभल्यांना पक्कं सांगता येत न्हाई.

"मग मला कशाला विचारलंत?" मी व्याह्यांना म्हणालो.

"आम्ही बघायला यायच्या आधीच पल्लवीनंच नितीनला फोनवर सांगितलं होतं," ते हसत म्हणाले. "बाबांना जे येत नसेल तेच विचारा, लई भारी सांगतात."